जाड दिसलं की दाबायचं

वारंगा फाट्यावरच्या एका हॉटेलाच्या पाटीवर वरच्या ओळीत लाल रंगात ‘चहा’ लिहिलं होतं आणि खाली कोपऱ्यात निळ्या रंगात ‘चाय’. नांदेडकडून येणारे, हिंगोलीकडे जाणारे, ट्रकवाले, लग्नाची वऱ्हाडं, सगळे त्या पाटीखाली बसून चहा पिऊन गेले. कुणाला काही खटकलं नाही. पेंटर मामांना खटकलं. ते आत जाऊन बाकावर बसले आणि म्हणाले, “एक चहा आण, अन् एक चाय आण.” हॉटेलवाल्यानं निमूट दोन कप समोर ठेवले. मामांनी एका कपातला घोट घेतला, डोळे मिटले, दुसऱ्यातला घेतला, पुन्हा पहिल्यातला घेतला. असं करत दोन्ही कप संपवले आणि म्हणाले, “एकच हाय की रे. मला वाटलं, दोन येगळे हायेत. मंग दोन नावं काहून, अन् दोन रंग काहून?” हॉटेलवाला म्हणाला, “शोभा येती, मामा.” दुसऱ्या दिवशी सकाळी मामा डबा आणि ब्रश घेऊन आले आणि त्याची शोभा फुकटात पुसून गेले.

त्यांचं हे असंच होतं. एका वस्तूला दोन नावं दिसली, किंवा एकच नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं रंगवलेलं दिसलं, की त्यांना अन्न गोड लागायचं नाही. आयुष्यभर त्यांनी फाट्यावरच्या दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती आणि ट्रकांच्या पाठी रंगवल्या. मग फ्लेक्स आला आणि मामा घरी बसले. घरी बसले म्हणजे ओट्यावर बसले आणि समोरून टेम्पोत जाणाऱ्या प्रत्येक फ्लेक्सला शिव्या देऊ लागले. दोन वर्षं हे चाललं. मामी मला पुढे एकदा सांगत होत्या, “रंगाचा वास न्हाई तर ह्या माणसाला झोप येईना. मी टर्पेंटाइनची बाटली उशाशी उघडी ठिवायची, तवा कुठं घोरायचे.”

आमचं ऑफिस फाट्यावरच्या टायरच्या दुकानावर, एका खोलीत. मालक बालाजीदादा. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून गावाकडे आलेला, आणि आल्यावर चार महिने वडिलांनी बोलणं टाकलेला. हळद खरेदी करणाऱ्या मंडळींसाठी त्यानं वजनाचं सॉफ्टवेअर बनवलं होतं: काट्यावर माल ठेवायचा, स्क्रीनवर बटणं दाबायची, नोंद होते. ते कसं वापरायचं याचं पुस्तक लिहायला मी. मी कुरुंद्याची, मराठी घेऊन बी. ए. झालेली, आणि त्याचा मला तेव्हा फार अभिमान होता. आई गावात सांगायची, “लेक पुस्तक लिवती.” कुणी विचारलं कसलं, तर म्हणायची, “वजनाचं.” लोकांना वाटायचं, मी वजन कमी करायचं पुस्तक लिहिते. मग ते माझ्याकडे एकदा बघायचे आणि विषय बदलायचे.

ऑफिसची पाटी करायची वेळ आली तेव्हा बालाजीदादा फ्लेक्स छापायला निघाला होता. पण खालचा टायरवाला, म्हणजे आमचा घरमालक, आडवा आला. “माझ्या भिंतीवर रंगवायचं तर मामानं. न्हाई तर खोली खाली करा.” म्हणून मामा आले. पांढरा पायजमा, त्यावर चाळीस दुकानांचे रंग, आणि गळ्यात दोऱ्याला बांधलेला चष्मा. पहिला हात मारून झाला, तो वाळेपर्यंत ते खुर्चीत येऊन बसले. माझ्या टेबलावर पुस्तकाची छापलेली कच्ची पानं पडली होती. मामांनी ती उचलली आणि उलटी धरली.

मी म्हटलं, “मामा, उलटं धरलंय तुम्ही.”

“ठावं हाय, पोरी. सुलटं धरलं की माणूस वाचाया लागतो. वाचाया लागला की त्याला दिसायचं बंद होतं.” मग त्यांनी पान लांब धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “तिसऱ्या पानावर हे बटनाचं नाव जाड काढलंय. चौथ्यावर तेच नाव बारीक. पाचव्यावर तिरपं. हे एकच बटन हाय का तीन भाऊ हायेत?”

मी ते पुस्तक अकरा वेळा वाचलं होतं. सुलटं वाचलं होतं. मला फार राग आला, कारण ते खरं होतं.

मी सांगितलं, की त्यानं काही बिघडत नाही, अर्थ कळतो. त्यावर मामांनी मला जे ऐकवलं ते पुढे मी हजार वेळा ऐकलं: “पोलीस रोज खाकीत येतो म्हणून पोलीस. एक दिवस तो फाट्यावर लुंगी लावून उभा ऱ्हायला अन् हात केला, तर कोणता ट्रकवाला थांबल?” बालाजीदादा कोपऱ्यात बसून हे ऐकत होता. पाटी दोन दिवसांत झाली, पण मामा तिसऱ्या दिवशीही दहा वाजता आले, चौथ्याही दिवशी आले. पाचव्या दिवशी बालाजीदादानं त्यांच्यासाठी एक खुर्ची आणली. अशा रीतीनं ते आमच्या कंपनीत कामाला लागले. त्यांचं पद काय हे कधीच ठरलं नाही. मामा सांगायचे, “मी हितं कपडेपट सांभाळून राहिलो.”

त्यांचा पहिला हल्ला माझ्या भाषेवर झाला. नोंद जपून ठेवायच्या बटणाला मी पुस्तकात चार नावं दिली होती. कुठे जतन करा, कुठे साठवा, कुठे राखून ठेवा, आणि घाईत असताना सेव्ह. एकच शब्द सारखा वापरला तर लिखाण कंटाळवाणं होतं, असं मला कॉलेजात शिकवलं होतं. मामांनी चारही शब्द कागदावर लिहिले आणि कागद घेऊन खाली टायरच्या दुकानात गेले. पंक्चर काढणारे, पंक्चर झालेले, सगळ्यांना विचारून वर आले. “समदे सेव्ह म्हणतात.” मी म्हटलं, ‘जतन’ किती सुंदर शब्द आहे. मामा म्हणाले, “हाय की. पण जतन आईनं करावं, पोरी. बटनानं सेव्ह करावं.” पुढच्याच पानावर त्यांना पोतं, कट्टा आणि बॅग असे तीन शब्द सापडले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. आमच्या भागात पोतं म्हणजे क्विंटलचं आणि कट्टा म्हणजे त्याच्या निम्मा. मी शोभेसाठी आलटून पालटून लिहिले होते. “ह्या शोभेपायी कुणाचीबी अर्धी हळद जाईल,” मामा म्हणाले. त्या दिवसापासून मी लिखाण कंटाळवाणं करायला शिकले.

मग नियम झाले. बटणाचं नाव नेहमी जाड. ज्याला कॉम्प्युटरवाले बोल्ड म्हणतात त्याला मामा जाड म्हणायचे आणि इटॅलिकला तिरपं. आपण स्वतः टाइप करायचं ते चौकटीत. नवा शब्द पहिल्यांदा आला की तिरपा, “पाहुणा दारात वाकून येतो तसा,” आणि एकदा घरात आला की पुढे सरळ. बालाजीदादा म्हणाला, हे सगळं कॉम्प्युटरवर एका फाइलमध्ये लिहून ठेवू. मामांना ते पटलं नाही. “काम्प्युटरवर लिवलेलं कुणीबी बसल्याजागी बदलतं. भिंतीवर लिवलेलं बदलायचं तर शिडी आणावी लागती.” आणि त्यांनी ऑफिसच्या आख्ख्या भिंतीवर ऑइल पेंटनं सात नियम रंगवले. प्रत्येक अक्षर वीतभर. ऑफिसात आलेला माणूस आधी दचकायचा. बँकेतून आलेल्या एका साहेबांनी “नवा शब्द एकदाच वाकेल” हे वाचून आम्हाला विचारलं, की तुमची संस्था नेमकी कोणत्या पंथाची.

पण शिडीचं खरं निघालं. दर आठवड्याला मला कुठला तरी नियम बदलावासा वाटायचा. मी उठायचे, भिंतीकडे बघायचे, शिडी टायरवाल्याकडून आणावी लागेल आणि तो कशाला म्हणून विचारील हे आठवायचं, आणि मी परत खाली बसायचे. त्या आळसामुळे आमचं पुस्तक एकसारखं राहिलं.

मी एकदाच लबाडी केली. स्क्रीनवर ‘माल’ नावाचं एक बटण होतं आणि ते पुस्तकभर जाड करायचं राहिलं होतं. एकेक शोधत बसण्याऐवजी मी कॉम्प्युटरलाच हुकूम सोडला, की जिथे जिथे माल दिसेल तिथे जाड कर. त्यानं केलं. कॉम्प्युटर बिचारा सांगितल्याच्या बाहेर नसतो. मामांनी पान उलटं धरलं, लांब नेलं, डोळे बारीक केले. मग शांतपणे विचारलं, “काटा कोरड्या रुमालानं पुसावा, असं लिवलंय तू. त्या रुमालाला एका अंगानं सूज काहून आली?” मी बघितलं. रुमालाचा ‘रु’ बारीक होता आणि ‘माल’ टम्म फुगला होता. मालकाचा ‘क’ रोड राहिला होता. ‘कमाल वजन’ तर मधूनच गरोदर दिसत होतं. मामा हसले नाहीत. “घाईत काढलेली रेघ रोज दिसती, पोरी,” एवढंच म्हणाले, आणि दिवसभर मला “रुमाल” म्हणून हाक मारत राहिले. नंतर ते नाव खालच्या टायरवाल्यानंही उचललं. तो अजून मला रुमालबाई म्हणतो.

याच सुमाराला शिरड शहापूरकडच्या एका शेतकरी कंपनीचं काम यायचं घाटत होतं. त्यांचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, शेतकरी माणूस, स्पष्ट बोलणारे. त्यांनी अट घातली: “तुमच्या पुस्तकावरून आमच्या काट्यावरच्या बाईनं एक सकाळ काम करून दाखवायचं. फोन करायचा न्हाई, कुणी शेजारी उभं राहून सांगायचं न्हाई. जमलं तर काम तुमचं.” हे काम मिळालं नाही, तर ऑफिसला कुलूप लागणार हे बालाजीदादानं आम्हाला सांगून टाकलं. तो पुण्याला परत गेला असता. मला शाळेत नाही तर सासरी कुठेतरी ढकललं असतं. पण मामा? मामा पुन्हा ओट्यावर गेले असते. त्या संध्याकाळी ते जिना उतरताना मध्येच थांबले आणि म्हणाले, “फ्लेक्सनं एकदा हाकललं ते सोसलं. ह्या वयात दुसऱ्यांदा न्हाई सोसायचं.” मी त्यांना इतकं हळू बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

काट्यावरची बाई म्हणजे गोदामावशी. घरी शेळ्यामेंढ्या, अंगणात हळद, आणि पोतं डोळ्यानं बघून वजन सांगायची. काटा नंतर तेच सांगायचा. नुसती सही करण्यापुरती शाळा शिकलेली. वाचायची ती अक्षराखाली बोट ठेवून, एकेक. तिनं आबांचं कधी काही ऐकल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. मामांनी तिला शिकवायचा विडा उचलला. सात दिवस ते एसटीनं शिरडला गेले, हळदीच्या ढिगाशेजारी पाटी उभी केली आणि खडूनं शिकवलं. गोदामावशी आणि तिच्या हाताखालच्या दोघी समोर. मामांनी एवढंच घोटून घेतलं. ते ओरडायचे, “जाड दिसलं की?” आणि तिघी ओरडायच्या, “दाबायचं!” शेडमधली माणसं काम सोडून बघायला यायची. सातव्या दिवशी तर माल घेऊन आलेले शेतकरीही ओरडू लागले.

परीक्षेच्या सकाळी आम्ही तिघं शेडच्या एका बाजूला उभे राहिलो. आबांनी आम्हाला तोंडं बंद ठेवायला सांगितलं होतं. गोदामावशीनं डाव्या हातात पुस्तक धरलं, उजव्या हाताचं बोट पदराला पुसलं आणि सुरू केलं. पहिलं पान. जाड, दाबलं. चौकट, लिहिलं. दुसरं पान. शेतकऱ्याचं नाव, माल, पोती, सेव्ह. बैलगाडीसारखं सावकाश, पण कुठे अडलं नाही. एकेक शेतकरी येत होता, वजन करून जात होता. अकरावं पान संपलं तेव्हा बालाजीदादानं माझ्या हाताला चिमटा काढला. मामा ओठ हलवून मनातल्या मनात पुस्तक म्हणत होते.

मग बारावं पान आलं. त्या पानावर मी लिहिलं होतं, की सावधान, ‘सगळं पुसा’ हे बटण हंगाम संपेपर्यंत दाबू नये. बटणाचं नाव नियमाप्रमाणे जाड होतं. भिंतीवरचा पहिला नियमच तो. गोदामावशीचं बोट ओळीवरून सरकत सरकत त्या जाड नावावर येऊन थांबलं. तिला जे शिकवलं होतं ते तिनं केलं.

स्क्रीननं विचारलं, नक्की? खाली दोन बटणं, ‘होय’ आणि ‘नाही’. पुस्तकातही दोन्हींची नावं लिहिली होती, दोन्ही जाड. तिनं ओळीनं पहिलं दाबलं. सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी गेल्या. स्क्रीन धुतल्यासारखा पांढरा झाला. गोदामावशी चष्मा सावरत वाकून शोधू लागली. “‘व्हय’ दाबलं. आता ‘न्हाई’ कुठं गेलं? तेबी जाड हाय, तेबी दाबायचं ऱ्हायलंय.”

बालाजीदादाच्या तोंडावरचा रंग उतरला. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, बाईला काही येत नाही. तेवढ्यात मामा पुढे झाले. तोंड बंद ठेवायची अट होती, पण त्यांनी ती मोडली. हात जोडून आबांपुढे उभे राहिले.

“चूक बाईंची न्हाई, आबा. बाईंनी बराबर केलं. चूक माझी हाय. मी त्यांना पोशाख वळखायला शिकवलं, वाक्य वाचायला शिकवायचं ऱ्हाऊन गेलं. खाकी दिसली की थांबायचं सांगितलं, पोलीस काय म्हणून राहिला ते ऐका म्हणून न्हाई सांगितलं.”

मला रडू येत होतं, आणि ते जाड नाव मी लिहिलेलं असल्यामुळे जास्तच येत होतं. आबांनी मामांकडे बघितलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. आधी आम्हाला वाटलं त्यांना उचकी लागली. ते हसत होते.

“मामा, अहो ही बाई,” ते गोदामावशीकडे बोट करून म्हणाले, “पंचवीस वर्षं माझ्याकडं हाय. मी ‘इथं पोतं ठेव’ म्हणलं की तिथं ठेवती. हिनं तुमच्या पुस्तकाचं बाराव्या पानापर्यंत ऐकलं! पुसायला लावलं तर पुसलंबी! मला दुसरं काय पाहिजे?”

गोदामावशीला मात्र हसण्यातलं काही आवडलं नाही. “पुसलं तर पुसलं,” ती म्हणाली. “माझ्या डोस्क्यातलं कुठं पुसलंय? लिवा.” आणि तिनं सकाळपासूनचे सगळे शेतकरी, प्रत्येकाची पोती आणि वजन, ओळीनं सांगायला सुरुवात केली. मी घाईघाईनं टाइप करत गेले. एकही आकडा चुकला नाही, हे नंतर शेतकऱ्यांना काट्यावर मिळालेल्या चिठ्ठ्यांशी लावून बघितलं. फोन झाला नव्हता, कुणी शेजारी उभं राहून सांगितलं नव्हतं. काम आम्हाला मिळालं. आबांची एकच नवी अट होती, की ते बटण बाईच्या स्क्रीनवरून काढायचं आणि शक्य झालं तर जिल्ह्याबाहेर नेऊन ठेवायचं.

परतल्यावर मामांनी चहासुद्धा घेतला नाही. शिडी लावली आणि आठवा नियम रंगवायला घेतला: जाड म्हणजे बटण. दाबायचं का नाही, ते वाक्य सांगेल. पण भिंतीवर जागा उरली नव्हती. मध्ये खिडकी आली. त्यामुळे ‘दाबायचं’ इथपर्यंतचा नियम खिडकीच्या अलीकडे आणि उरलेला पलीकडे गेला. खिडकीचं दार उघडलं की पलीकडचं झाकलं जायचं. म्हणून उन्हाळ्यात आमच्या भिंतीवर नुसतंच ‘जाड म्हणजे बटण. दाबायचं’ असं दिसायचं. मामांना ते सहन होत नसे. आम्ही भर वैशाखात खिडकी लावून घामाघूम बसायचो.

बारावं पान मामांनी स्वतः सांगून माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं. पहिलंच वाक्य आलं: काहीही पुसायचं नाही. साधं, बारीक, कुठे जाड नाही, तिरपं नाही. गोदामावशीनं ते पाठ केलं. पुढे मी शिरडला गेले की ती मला लांबूनच ओरडून विचारायची, “काय गं, बाराव्या पानावर काय लिवलंय?” आणि मी कान पकडायचे.

त्यानंतर मामा चार वर्षं आमच्यात होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन दिवसांत डोळ्यावर हिरवं फडकं बांधून ऑफिसात आले आणि एका डोळ्यानं पान उलटं धरून तीन चुका काढल्या. हात कापायला लागला तेव्हा ब्रश सोडला, पण खुर्ची सोडली नाही. नवीन मुलं कामाला लागली की मामा त्यांना आधी हॉटेलात नेऊन चहा पाजायचे आणि चाय कुठे होती ती जागा दाखवायचे.

यंदा चैत्रात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, उठलेच नाहीत. मामी म्हणाल्या, उशाशी बाटली उघडी होती.

तिसऱ्या दिवशी मी फाट्यावर उतरले आणि समोर बघितलं. मामांच्या पुतण्यानं श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता. मोठा, दहा फुटी. वर मामांचं नाव लाल रंगात जाड, त्यात कागदपत्रांवरचं पूर्ण नाव, जे मी जन्मात पहिल्यांदा वाचलं. मध्ये फोटोखाली तेच नाव पिवळ्या रंगात तिरपं, पुढे ‘पेंटर’ जोडून. आणि अगदी खाली, शोकाकुल मंडळींच्या वर, बारीक निळ्या अक्षरात ‘मामा’. एका माणसाला तीन नावं आणि तीन पोशाख, तेही फ्लेक्सवर. मी तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहून आधी हसले आणि मग हुंदके देऊन रडले. बालाजीदादा मोटारसायकल तशीच टाकून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. तो एवढंच म्हणाला, “उलटं धरायचीबी गरज न्हाई गं.”

पुतण्याला आम्ही समजावलं. तो बिचारा भला माणूस. म्हणाला, “मला वाटलं शोभा येईल.” फ्लेक्स त्यानं त्याच दिवशी उतरवला आणि कडब्यावर टाकायला घरी नेला. दहाव्याला लावायला पाटी मी करते, असं मी बोलून बसले. मामांचा डबा घेतला, त्यांचेच ब्रश घेतले, टायरवाल्यानं पत्रा दिला. आयुष्यात मी कधी भिंतीला चुनाही लावला नव्हता. तीन दिवस माझी अक्षरं नांगरटीसारखी वाकडी येत राहिली आणि मी टर्पेंटाइननं पुसत राहिले. शेवटी दहाव्याच्या सकाळी जमलं. पांढऱ्या पत्र्यावर काळ्या रंगात दोनच शब्द, पेंटर मामा. जाड. दुसरं काही नाही. पूर्ण नाव नाही, कारण त्या नावानं त्यांना कुणी कधी हाक मारली नव्हती.

टांगायच्या आधी मी पाटी उलटी धरली आणि डोळे बारीक केले. जमलेले पाव्हणे कुजबुजले, एक म्हातारी तर “अगं, सुलटी धर, अपशकुन होतो,” म्हणून ओरडली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. उलटं बघितलं तेव्हा दिसलं की दोन्ही शब्दांची जाडी सारखी आली होती.

गोदामावशी शिरडहून आली होती. पाटीपुढे हार होता, उदबत्ती होती, पण ती आधी हात जोडायला गेली नाही. चष्मा घातला, अक्षरांखाली बोट धरलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. पें, ट, र. मा, मा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “जाड हाय ना गं, पोरी?”

“हो, मावशी.”

तिनं त्या नावावर बोट ठेवलं आणि दाबलं. काट्यावर दाबायची तसंच, नीट, जोर लावून. आणि थोडा वेळ थांबली.

“कायबी होईना,” ती म्हणाली.

रंग अजून ओला होता, घाई केली होती मी. शेवटच्या ‘मा’च्या पोटात तिच्या बोटाचा ठसा उमटला आणि तिचं बोट काळं झालं. मी टर्पेंटाइनचं फडकं पुढे केलं आणि म्हटलं, “मावशी, बोट पुसा, आणि मी ते अक्षर नीट करते.”

तिनं हात मागे घेतला.

“पुसायचं न्हाई,” ती म्हणाली. “बाराव्या पानावर लिवलंय.”